सरबत आणि शराब

निपाणीच्या एका वाचक-भगिनींनी आमच्याकडे मोठ्या संकोचाने एक प्रश्न पाठविला आहे. त्यांचे चिरंजीव बंगळूरला नोकरीस असतात. सुटीत ते तेथील चार मित्रांना घेऊन घरी येणार आहेत आणि त्यांची फर्माईश अशी की, ‘आई, या खेपेस बदामाच्या चवीच्या मद्यात फळांचा रस घालून घरच्या घरीच कॉकटेल करू.’ घरात वृद्ध सासूबाई आहेत, सातवीत शिकणारी पुतणी आहे, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे यजमान आहेत. ‘मुलाला नाही म्हणवत नाही आणि होकार द्यायला जीभ रेटत नाही. आपण गुरुजी आहात, काही मार्ग सुचवावा,’ असे त्या लिहितात.

गुरुजींना असला प्रश्न विचारावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्हांला तसे वाटले नाही. या एका पेल्यात भाषा आहे, रसायन आहे, अंकगणित आहे, नागरिकशास्त्र आहे आणि शेवटी पाकशास्त्रही आहे. शाळेच्या वेळापत्रकाबाहेरचे त्यात फारसे काही नाही. तेव्हा हा प्रश्न टाळण्यापेक्षा तो तासातासांनी सोडवावा, हेच बरे.

प्रथम हे बदामाचे मद्य म्हणजे काय ते पाहू. इटलीतील मिलान शहराजवळ सारोन्नो नावाचे गाव आहे. तेथील ‘अमारेत्तो’ हे गोड मद्य जगभर प्रसिद्ध आहे. इटालियन भाषेत ‘अमारो’ म्हणजे कडू. त्यावरून ‘अमारेत्तो’ म्हणजे किंचित कडू, कडूसर. त्याची एक आख्यायिका सांगतात. इ. स. १५२५ मध्ये बेर्नार्दिनो लुईनी हा चित्रकार त्या गावच्या देवालयात भित्तिचित्रे काढावयास आला. त्याने एका विधवा खाणावळवालीला समोर बसवून माता मेरीचे चित्र रंगविले आणि त्या बाईने कृतज्ञतेने जर्दाळूच्या बिया मद्यात मुरवून केलेले पेय त्याला भेट दिले. ही कथा आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण तिच्यातला एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. पेयाला चव बदामाची, आणि पदार्थ मात्र जर्दाळूच्या बियांचा! आजही ‘दिसारोन्नो’ या तेथील सुप्रसिद्ध मद्यात बदाम मुळीच नसतो, असे ते करणारे स्वतःच सांगतात.

मग बदामाची म्हणून जी चव जिभेला लागते, ती कोणाची? आपण शिऱ्यात, खिरीत घालतो तो गोड बदाम. त्याची चव सौम्य, दुधाळ; गंध जवळजवळ नाहीच. केकमध्ये, आइसक्रीममध्ये वा त्या इटालियन मद्यात जो उग्र ‘बदामी’ वास येतो, तो गोड बदामाचा नसून कडू बदामाचा. बदाम, जर्दाळू, पीच, अलुबुखार आणि चेरी ही सारी एकाच कुळातली, गुलाबाच्या कुळातली, सख्खी भावंडे होत. त्यांच्या बियांमध्ये ‘अमिग्डालिन’ नावाचे एक द्रव्य कमीअधिक प्रमाणात असते. फ्रेंच रसायनज्ञ रोबिके आणि बुत्रों यांनी १८३० मध्ये ते कडू बदामातून वेगळे काढले. पुढे १८३७ मध्ये व्होलर आणि लीबिग या जर्मन जोडीने त्याचे कोडे उलगडले. बी अखंड असेतो काही घडत नाही. ती ठेचली आणि तिला पाणी लागले, की बियांतलेच एक पाचकद्रव्य अमिग्डालिनचे तुकडे करते. त्यातून तीन पदार्थ निघतात. एक साखर, दुसरा बेंझाल्डिहाइड म्हणजे तो मोहक बदामी गंध, आणि तिसरा हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे जगातील जलद विषांपैकी एक. सुगंध आणि विष या बियांत जुळ्या भावंडांसारखी एकाच वेळी जन्मास येतात.

आपला नित्याचा बदाम गोड का? रानटी बदाम कडूच होता. हजारो वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील शेतकऱ्यांना कधीतरी गोड बियांचे झाड आढळले, ते त्यांनी जपले आणि त्याचीच लागवड वाढविली. एकाच जनुकातील बदलाने हे गोडपण आले, असे शास्त्रज्ञ सांगतात. पूर्वी बदाम म्हटला की काबूल आठवे. आज जगातील बदामांचा फार मोठा वाटा एकट्या कॅलिफोर्नियात पिकतो. तरीही गोड बदामांच्या राशीत क्वचित एखादा कडू निघतो. तो दाताखाली आल्यास गिळू नये, थुंकून चूळ भरावी, हा आजीबाईंचा नियम रसायनशास्त्राच्या कसोटीस पुरेपूर उतरतो.

येथे आमच्या लेखाचा सर्वांत गंभीर भाग येतो. वाचकांनी तो दोनदा वाचावा, ही विनंती. बदामाचे मद्य घरी करण्याच्या ज्या कृती हल्ली हातोहाती फिरतात, त्यांपैकी कित्येकांत जर्दाळूच्या बिया फोडून, आतला गर ठेचून, तो मद्यात आठवडेच्या आठवडे मुरत घालावयास सांगितलेले असते. सुकविलेले जर्दाळू आपल्या बाजारात बियांसकट मिळतात. ती बी फोडून आतला ‘बदाम’ काढणे हा मुलांचा आवडता उद्योग असतो. काही जातींतला गर गोड असतो. हैदराबादच्या ‘खुबानी का मीठा’वर तोच पसरतात. काही जातींतला मात्र कडू जहर असतो आणि वरून पाहून दोहोंतला भेद कळत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट इशारा दिला की, मोठ्या माणसाने जर्दाळूच्या तीनांहून अधिक लहान कच्च्या बिया एका वेळी खाल्ल्या, तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहानग्या बाळांच्या बाबतीत तर एक छोटी बीदेखील अधिक ठरू शकते.

मग इटलीतील कारखाने ते कसे करतात? हायड्रोसायनिक आम्ल सव्वीस अंशांच्या आसपासच उकळते, तर सुगंधी बेंझाल्डिहाइडला सुमारे १७९ अंश लागतात. या अंतराचा लाभ घेऊन आणि रासायनिक शुद्धी करून कारखान्यात विष वेगळे काढता येते, आणि मग प्रयोगशाळेत मोजमाप होते. आपल्या स्वयंपाकघरात मोजमापाचे साधन कोणते? वास तर नव्हेच. जो वास आला म्हणून आपण ‘छान उतरले’ असे म्हणणार, तोच वास विषाचाही सांगाती असतो. म्हणून आमचे सांगणे निःसंदिग्ध आहे. कडू बदाम, जर्दाळू, पीच वा अलुबुखार यांच्या बिया कुठल्याही पेयासाठी घरी ठेचू नयेत, मद्यात मुरवू नयेत, पाण्यातही नव्हेत.

आमच्या शाळेच्या आवारात, आणि या सीमाभागातील अनेक शाळांच्या आवारांत, ज्याची पाने झडण्यापूर्वी लालभडक होतात ते बदामाचे झाड असते. त्याचा या भाऊबंदकीशी काही संबंध नाही. तो देशी बदाम वेगळ्याच कुळातला, अर्जुन आणि हिरडा यांचा सोयरा. त्याची फळे दगडाने फोडून आतला बारीक गर खाणाऱ्या मुलांना कोणी रागावू नये. बोटे मात्र सांभाळावीत.

आता अंकगणिताचा तास. गोड पेय ते हलके, असा एक समज असतो. अमारेत्तोच्या बाटलीत मद्यार्काचे प्रमाण सुमारे २८ टक्के असते. कॉकटेलच्या एका पेल्यात ते ४५ मिलिलिटर घातले, तर शुद्ध मद्यार्क झाला १२.६ मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे दहा ग्रॅम. आपल्याकडे व्हिस्कीत हे प्रमाण बहुधा ४२.८ टक्के असते; तिच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात मद्यार्क सुमारे वीस ग्रॅम. म्हणजे फळांच्या रसातले दोन गोड पेले हे व्हिस्कीच्या एका मोठ्या पेगाच्या बरोबरीचे ठरतात. फरक इतकाच की, व्हिस्की घशाला जळजळून बजावते, ‘मी आले.’ हे गोड मद्य संत्र्याच्या रसाआडून पाय न वाजविता आत येते. मोजून पिणाऱ्याची मोजदाद चुकते ती येथेच. त्यातून मधुमेहाची औषधे वा इन्शुलिन घेणाऱ्यास मद्याने रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते आणि झोपेच्या गोळ्यांशी तर त्याची संगत जिवावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप शाखेने जानेवारी २०२३ मध्ये तर म्हटले की, आरोग्यास निर्धोक ठरेल असे मद्याचे कोणतेच प्रमाण सांगता येत नाही.

नागरिकशास्त्र आपल्या भागात नेहमीच थोडे अवघड असते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर म्हैसूर राज्यात गेली. घाटाखाली गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल, आणि तेथे मद्य खुले. अशा तीन कायद्यांच्या सांध्यावर आपली घरे उभी राहिली. आजही चोर्ल्याच्या घाटातून वर येणाऱ्या गाडीत कोणी ‘स्वस्त मिळाली’ म्हणून बाटल्या घालून आणतो. पण एका राज्यातील परवानगी सीमेवरच्या नाक्यावरच संपते, ही गोष्ट तो विसरतो. कर्नाटकाच्या १९६५ च्या अबकारी कायद्यानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. ‘घरच्यापुरतेच तर केले’ ही सबब तेथे चालत नाही.

येथवर आम्ही ‘नको’ची बाजू मांडली. पण घरी पाहुणे यावयाचे असताना केवळ नकार देऊन गृहिणीचा प्रश्न सुटत नाही. तरुण मुलाच्या फर्माईशीमागे नुसती मद्याची ओढ असते, असे आम्ही मानीत नाही. काहीतरी विशेष असावे, पेला देखणा असावा, त्यात चवींचा खेळ असावा, मित्रांपुढे आपले घर अगदीच भाबडे ठरू नये, ही त्यामागची इच्छा असते. आणि ती रास्त आहे. तिला उत्तर द्यावयाचे तर आपल्याच भाषेकडे वळावे.

‘सरबत’ आणि ‘शराब’ हे दोन शब्द ऐकताना आपल्याला दोन टोकांचे वाटतात. एक चैत्राच्या हळदीकुंकवाचा, दुसरा गुत्त्याचा. वस्तुतः दोघे एकाच अरबी धातूची लेकरे आहेत. त्या धातूचा अर्थ केवळ ‘पिणे’ असा आहे. अरबीत ‘शराब’ म्हणजे कोणतेही पेय. तो शब्द फारसीतून आपल्याकडे येता येता मद्याशी जखडला गेला आणि ‘सरबत’ निर्मळ राहिले. युरोपात याच घराण्यातून ‘सिरप’ आणि ‘सॉर्बे’ निघाले. इंग्रजांचा ‘पंच’ तर आपलाच. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच वस्तूंवरून, आपल्या ‘पंच’ या अंकावरून तो शब्द आला, असे अनेक कोशकार मानतात. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात तो १६३२ पासून आढळतो. त्या पाचांतील एक वस्तू वगळली, तरी चार उरतात. आणि त्या चारही प्रत्येक मराठी घराच्या फळीवर असतात.

तसेच आपले ‘पन्हे’. संस्कृत ‘पानक’ या शब्दाचे ते मराठी रूप. आपल्या शेजारच्या कानडी घरांत रामनवमीला गूळ, वेलची, सुंठ घातलेले ‘पानक’ अजून त्याच नावाने देतात. एकाच गल्लीत एका घरी कैरीचे पन्हे, दुसऱ्या घरी गुळाचे पानक. सीमेवरून वाद घालणारी माणसेही उन्हाळ्यात हे दोन्ही पेले आनंदाने रिते करतात. पेयाची परंपरा आपल्याकडे दुबळी नाही. तिला थोडे उजळावयाचे, एवढेच.

आता पाकशास्त्राचा तास. उद्देश असा की, त्या विलायती पेल्यात जे गुण असतात, म्हणजे बदामाचा घट्टपणा, फळाची आंबटगोडी, किंचित कडवटपणा, सुगंध आणि थंडावा, ते सारे आपल्या पेल्यात असावेत. वगळावयाचा तो केवळ मद्यार्क.

पहिली पायरी बदामाच्या पाकाची. शंभर ग्रॅम गोड बदाम रात्रभर पाण्यात भिजत घालावे. सकाळी साले काढून, प्रत्येक बदाम डोळ्यांखालून घालून, पाव लिटर पाण्यात अगदी गुळगुळीत वाटावे. स्वच्छ मलमलीतून पिळून दूध काढावे. चोथ्यात आणखी दीडशे मिलिलिटर पाणी घालून पुन्हा वाटावे व गाळावे. चोथा टाकू नये. तो शिऱ्यात वा लाडवात जिरतो. या दुधात अर्धा किलो साखर घालून पातेले मंद आचेवर ठेवावे आणि सतत ढवळत राहावे. वर येणारी मळी काढून टाकावी. बोटांच्या चिमटीत एक तार धरू लागली की उतरवावे. कोमट झाल्यावर सहा-सात वेलदोड्यांची पूड, चिमूटभर जायफळ आणि दुधात खललेल्या केशराच्या दहा-बारा काड्या घालाव्यात. ज्यांना तो विलायती बदामी गंध हवाच असेल, त्यांनी खाद्यपदार्थांसाठी मिळणारा बदामाचा इसेन्स बाटलीवरील खूण पाहून आणावा आणि साऱ्या पाकास दोनच थेंब घालावेत. विष काढून टाकलेला तो सुगंध हाच. हा पाक कोरड्या बाटलीत भरून शीतकपाटात ठेवल्यास आठ-दहा दिवस राहतो. तळाशी साका बसतो. वापरताना बाटली हलवावी.

दुसरी पायरी कडवटपणाची. पुष्कळ घरगुती सरबते पहिल्या दोन घोटांनंतर कंटाळवाणी होतात, याचे कारण ती केवळ गोड असतात. कॉकटेलची खुमारी बरीचशी त्या कडसर, तुरट धारेत असते. ती आणावयास मद्य लागत नाही. चहाचा दाट कोरा काढा करून, गाळून, पूर्ण थंड करावा आणि पेल्यास दोन चमचे घालावा. संत्र्याच्या सालीचा वरचा नारिंगी भाग, आतला पांढरा नव्हे, किसून चिमूटभर घालावा. एवढ्यानेच पेय ‘मोठ्यांचे’ वाटू लागते.

तिसरी पायरी फळाची, आणि येथे आपली भूमी फार उदार आहे. देवगड-निपाणी रस्त्याने घाट चढून हापूस येतो. आंबोलीच्या वाटेने सावंतवाडीकडची कोकमे येतात. चंदगड-खानापूरच्या रानातून वैशाखात करवंदे आणि त्यामागोमाग जांभळे येतात. मोसंबी-संत्री तर बाजारात असतातच. एका उंच पेल्यात तीन मोठे चमचे बदामाचा पाक, चार चमचे फळाचा रस वा गर, दोन चमचे चहाचा काढा, अर्ध्या लिंबाचा रस आणि वर दीडशे मिलिलिटर गार पाणी अथवा सोडा. झाकणाच्या डब्यात बर्फासह जोराने हलवून लगेच ओतावे. वर फेस येतो आणि पेला शोभिवंत दिसतो. ते दुकानदार कॉकटेलवर फेस आणण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक घालतात. आपल्याला त्याची गरज नाही, बदामच ते काम थोडेफार करतो.

तीन सावधगिऱ्या सांगावयाच्या. कोकम, लिंबू वा करवंद घातलेल्या पेयात गाईम्हशीचे दूध घालू नये, ते फाटते. बदामाचे दूधही आंबटाने थोडे विरजल्यासारखे दिसते. म्हणून आंबट रस शेवटी घालून पेय तत्काळ द्यावे. कोकमाचे आगळ खारट असते, तेव्हा या पेल्यासाठी बिनमिठाचा रस वापरावा, आणि आंबट फळ असता लिंबू गाळावे. अननस कच्चा घातल्यास दुधाळ पेय कडवट होते, कारण त्यात प्रथिने तोडणारे एक द्रव्य असते. फोडी साखरेत पाच मिनिटे उकळल्या की तो दोष जातो.

मधुमेही व्यक्तीसाठी पाक न वापरता केवळ बदामाचे दूध, चहाचा काढा, लिंबू आणि चिमूटभर सैंधव असा वेगळा पेला करावा. फळाचा रस बेताचाच घालावा. आणि पाहुण्यांपैकी कोणास बदामाचे वावडे नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. काहींना त्याची जीवघेणी बाधा होते. विचारण्यात संकोच नसावा. तो आतिथ्याचाच भाग होय.

एक प्रश्न उरतो. चिरंजीव सज्ञान आहेत. त्यांनी वा मित्रांनी रीतसर विकत घेतलेली बाटली सोबत आणलीच, तर? सज्ञान मुलाच्या पेल्यावर पहारा ठेवणे आईबापांच्या हाती नसते. घराची रीत सांगणे मात्र असते. ही रीत आम्ही एका वाक्यात सांगू. ज्या भांड्यातून घरातील सर्वांना द्यावयाचे, त्या भांड्यात मद्याचा थेंब पडू नये. फळांच्या रसात मद्य ओळखू येत नाही, हे आपण वर पाहिले. सातवीतली मुलगी उन्हातून खेळून येते, समोर केशरी रसाचा जग दिसतो, आणि ती पेला भरून घेते. आजी औषधाची गोळी त्याच पेल्याबरोबर घेते. अनर्थ हेतूने घडतो असे नाही. जगावर नाव लिहिलेले नसते, एवढ्यानेही घडतो. बाटली आणलीच तर ती बाटलीतच राहावी, मोजून वेगळी घेतली जावी, आणि घेणाऱ्याने त्या रात्री वाहनाला हात लावू नये.

पण आमचा अनुभव असा की, पेला खरोखर चांगला असेल तर बाटलीची आठवण पुष्कळदा मागे पडते. मद्याचा पेला घरात येतो तेव्हा घर दुभंगते. पुरुष गच्चीवर, बायका स्वयंपाकघरात, मुले दाराआड, वृद्ध आपल्या खोलीत, अशी चार बेटे होतात. ज्यांच्यासाठी मुलगा तीन-चार महिन्यांनी घरी आलेला असतो, त्यांच्याशी तो त्या संध्याकाळी बोलतच नाही. सरबताच्या पेल्याचे तसे नाही. तो पहिला आजीच्या हाती देता येतो आणि शेवटचा कामावरच्या बाईंना. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याचा पेला असाच साऱ्या गल्लीभर फिरत असे. लहानथोर, मराठी-कानडी, कोणी त्यातून वगळले जात नसे. आपल्या पूर्वजांनी सीमेच्या या बाजूला घरे राखली ती अशाच सामाईक पेल्यांच्या बळावर.

तेव्हा भगिनी, मुलाला ‘नाही’ म्हणू नका आणि ‘हो’ही म्हणू नका. ‘कर, पण तू कर,’ असे म्हणा. आदल्या रात्री बदाम त्यालाच भिजत घालू द्या, मित्रांना साले काढावयास बसवा, करवंदे निवडण्याचे काम पुतणीकडे द्या आणि पाकाची तार आली की नाही, याचा निवाडा सासूबाईंवर सोपवा. बंगळूरच्या हॉटेलात नुसता पैसा मोजून तयार पेला हाती येतो. तार ओळखणारी आजी मात्र आपल्याच घरी भेटते.